कापलेली पानं: ब्लॅक हॅट २००५ मधलं सिस्को–लिन प्रकरण

जुलै २००५ चा शेवटचा आठवडा. लास वेगासच्या सीझर्स पॅलेस हॉटेलात 'ब्लॅक हॅट' ही माहिती सुरक्षा क्षेत्रातली परिषद भरत होती. येणाऱ्या प्रत्येकाला द्यायचं जाडजूड पुस्तक छापून आलं होतं, त्यात सगळ्या व्याख्यानांच्या स्लाइड्स होत्या. आणि परिषदेच्या तोंडावर काही माणसं त्या पुस्तकांच्या थप्प्या पुढ्यात घेऊन बसली होती. एक प्रत उचलायची, ठरलेलं पान काढायचं, तिथपासूनची पानं बांधणीपासून वेगळी करायची, प्रत बाजूला ठेवायची, पुढची उचलायची. असं तासन्‌तास चाललं. पुस्तकासोबतच्या सीडीही परत घेतल्या गेल्या आणि ते एक व्याख्यान वगळून केलेल्या नव्या सीडी त्यांच्या जागी आल्या.

कापलेली पानं मायकेल लिन या चोवीस वर्षांच्या संशोधकाच्या व्याख्यानाची होती. राउटर म्हणजे एका नेटवर्कमधून दुसऱ्याकडे माहिती पोहोचवणारं यंत्र. सिस्को कंपनीच्या राउटरमध्ये बाहेरून आपला कोड घुसवून तो चालवता येतो, हे तो दाखवणार होता. पानं काढायला लावणारी कंपनीही सिस्कोच.

आमच्या क्षेत्रात ही गोष्ट बहुतेक वेळा एका तरुण संशोधकाची आणि एका बलाढ्य कंपनीची म्हणून सांगितली जाते. मी तेव्हा राउटर सांभाळायचे काम करत होते, त्यामुळे मला त्यात कायम तिसराच माणूस दिसतो. तो परिषदेत नव्हता, त्याला कुणी काही विचारलं नाही, आणि ज्या यंत्राबद्दल एवढा वाद झाला ते मात्र त्याच्याच ताब्यात होतं. हे प्रकरण त्याच्या बाजूने मांडायचं आहे.

त्या आठवड्यात इकडे

२६ जुलै २००५. मुंबईकरांना ही तारीख वेगळी सांगावी लागत नाही. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. मी पुण्यात एका कंपनीच्या नेटवर्कवर होते, शाखा मुंबई, नाशिक, कोल्हापूर अशा पसरलेल्या. त्या संध्याकाळी मुंबईच्या लाइन एकामागून एक पडल्या. तळमजल्यावर सर्व्हर ठेवलेल्या शाखेतून शेवटचा फोन आला तो पाणी कपाटाच्या दुसऱ्या खणापर्यंत आल्याचा. नंतर दीड दिवस तिथल्या कुणाचा पत्ता नव्हता. माणसं सुखरूप आहेत एवढं कळेपर्यंत राउटरचा विचारही मनात आला नाही.

लिनचं व्याख्यान झालं ते २७ जुलैला. वेगासमध्ये काय घडलं याची बातमी माझ्यापर्यंत आली तेव्हा ऑगस्ट उजाडला होता. आम्ही भिजलेली यंत्रं वाळवत होतो, विम्याचे कागद भरत होतो, मुंबईची लाइन परत उभी करत होतो. बातमी वाचली, मान हलवली, बाजूला ठेवली. ही माझी चूक होती, आणि ती कशी झाली हे पुढे येईलच. पण त्या आठवड्याने एक गोष्ट अंगात भिनवली होती: राउटर बंद पडला की काय काय बंद पडतं. पगाराचं काम, गोदामाचा हिशेब, 'मी ठीक आहे' हा निरोपसुद्धा.

पडतो, पण फुटत नाही

लिनने काय दाखवलं ते समजायचं तर तेव्हाचा समज आधी कळायला हवा.

सिस्कोच्या राउटरवर आयओएस नावाची प्रणाली चालते (आयफोनवरची ती वेगळी). इंटरनेटचा मोठा भार तेव्हा याच राउटरांवर होता. या प्रणालीत बग, म्हणजे प्रोग्राममधल्या चुका, सापडायचे, दुरुस्त व्हायचे, हे सर्वांना माहीत होतं. मात्र असा बग वापरून फार तर राउटर कोलमडवता येईल, असं बहुतेक जण धरून चालायचे. कोलमडला की तो आपोआप पुन्हा सुरू होतो. दोन-चार मिनिटं सेवा बंद. त्रास खरा, पण घरात कुणी शिरलेलं नाही. जर्मनीच्या फीनोएलिट गटाने याआधीच आयओएसमध्ये शिरण्याचे प्रयोग मांडले होते. तरी राउटर सांभाळणाऱ्या सामान्य माणसाच्या डोक्यातलं वाक्य बदललं नव्हतं: राउटर पडतो, फुटत नाही.

या विश्वासाला एक आधारही होता. राउटरच्या स्मृतीत माहितीचे तुकडे एकाला एक लागून मांडलेले असतात. प्रत्येक तुकड्याच्या माथ्यावर 'माझ्या पुढे कोण, मागे कोण' याची नोंद असते. एखाद्या तुकड्यात मावेल त्यापेक्षा जास्त माहिती कोंबली की ती शेजारच्या तुकड्यात सांडते आणि ती नोंद बिघडते. हल्लेखोराला हवं असतं ते हेच. नोंद आपल्या सोयीने बिघडवली तर यंत्राकडून नको तिथे नको ते लिहून घेता येतं. यावर आयओएसमध्ये एक पहारेकरी होता, 'चेक हीप्स' नावाची प्रक्रिया. ती थोड्या थोड्या वेळाने उठायची, सगळ्या नोंदी तपासायची, आणि एकही विसंगत दिसली की राउटर तिथल्या तिथे पाडून पुन्हा सुरू करायची. सोसायटीचा वॉचमन फेरी मारतो, एक कुलूप तुटलेलं दिसलं की थेट आगीचा भोंगा वाजवून अख्खी इमारत रिकामी करतो, असं समजा. चोराला सामान गोळा करायलाच वेळ मिळत नाही.

लिन वॉचमनच्या वाटेला गेलाच नाही, त्याने भोंग्याकडे पाहिलं. राउटर पाडायची वेळ आली की प्रणाली आधी एक खूण तपासते: आपण आधीच पडण्याच्या प्रक्रियेत आहोत का? असू, तर पुन्हा सुरुवात करायची गरज नाही. ही खूण लिनने आधीच उभी करून ठेवली. वॉचमन फेरीवर आला, त्याने तुटलेलं कुलूप पाहिलं, भोंगा दाबायला गेला, तर भोंगा म्हणाला मी आधीच वाजतोय. वॉचमन समाधानाने परतला. भोंगा प्रत्यक्षात वाजत नव्हता, इमारत भरलेली होती, आणि चोराला हवा तेवढा वेळ मिळाला.

एवढंच. मी पहिल्यांदा ही युक्ती नीट समजून घेतली तेव्हा वही बंद करून थोडा वेळ नुसती बसून राहिले. सुरक्षेसाठी घातलेल्या तपासणीलाच खोटी साक्ष द्यायला लावायची, याहून साधं आणि याहून घातक काय असणार?

राउटर आत शिरणाऱ्याच्या ताब्यात गेला की तो त्यातून जाणारी माहिती वाचू शकतो, दुसरीकडे वळवू शकतो, आणि मनात आलं तर ते यंत्र कायमचं निकामी करू शकतो. त्यातही एक दिलासा तेव्हा होता. आयओएसच्या असंख्य आवृत्त्या चालू होत्या आणि प्रत्येकीत स्मृतीतले पत्ते वेगळे. त्यामुळे सगळ्यांना एकाच वेळी लागू पडणारा किडा, म्हणजे एका यंत्रातून दुसऱ्यात आपला आपणच पसरणारा प्रोग्राम, लिहिणं अवघड होतं. लिनचं म्हणणं असं की सिस्को प्रणालीची रचना बदलते आहे, नव्या रचनेत हे वेगळेपण कमी होईल आणि तेव्हा किडा लिहिणं सोपं होईल. म्हणून बोलायचं तर आत्ताच. त्याच्या घाईचं कारण हे होतं. मला ते आजही पटतं.

एप्रिल ते जुलै

लिन अटलांटाच्या इंटरनेट सिक्युरिटी सिस्टीम्स, म्हणजे आयएसएस, या कंपनीत होता. आयओएस उलगडून पाहण्याचं काम त्याने नोकरीचा भाग म्हणूनच केलं होतं. मे २००४ मध्ये आयओएसचा मूळ कोड चोरीला जाऊन त्यातला काही भाग एका रशियन संकेतस्थळावर आला होता. कोड चोरणारे तो वाचणार, आणि आपण वाचला नाही तर मागे पडू, असा त्यामागचा विचार.

ज्या त्रुटीवर लिनने आपली पद्धत दाखवली ती आयपीव्ही६, म्हणजे इंटरनेटवरच्या पत्त्यांची नवी पद्धत, हाताळणाऱ्या भागात होती. सिस्कोला ती कळवली गेली आणि एप्रिल २००५ मध्ये दुरुस्त आवृत्त्या आल्या. इथवर सगळं रीतसर. संशोधकाने आधी कंपनीला सांगावं, कंपनीने दुरुस्ती करावी, मग सगळ्यांसमोर बोलावं, हा आमच्या क्षेत्रातला शिष्टाचार आहे.

घोडं अडलं ते पुढे. दुरुस्ती आली, पण ती किती महत्त्वाची याबद्दल ग्राहकांना ठळक इशारा गेला नाही. त्या त्रुटीवरची सिस्कोची सुरक्षा सूचना निघाली ती २९ जुलैला, म्हणजे व्याख्यानानंतर दोन दिवसांनी. एप्रिल ते जुलै या काळात आपली आवृत्ती का बदलायची, हे राउटर सांभाळणाऱ्याला कळायला मार्ग नव्हता. झाकली मूठ सव्वा लाखाची, हे व्यापारात चालत असेल. इथे मुठीत काय आहे ते कळल्याशिवाय राउटरवाला हलत नाही.

न हलण्याचीही कारणं होती. त्या काळी आयओएसला छोटं ठिगळ लावायची सोय नव्हती. दुरुस्ती म्हणजे अख्खी प्रणालीच बदलायची. नवी आवृत्ती आकाराने मोठी, जुन्या राउटरच्या फ्लॅशमध्ये, म्हणजे प्रणाली साठवायच्या जागेत, मावायची नाही. मग आधीची पुसा, नवी चढवा, आणि मध्येच लाइन तुटली तर त्या गावाला गाडी काढून जा. शिवाय चालू आहे त्यातलं काही नव्या आवृत्तीत बिघडेल ही धास्ती. शाखेच्या व्यवस्थापकाकडून रात्रीची दोन तासांची परवानगी काढायला मला आठ-आठ दिवस लागत. 'का?' या त्याच्या प्रश्नाला दमदार उत्तर असावं लागे. 'नवी आवृत्ती आली आहे' हे उत्तर नव्हतं.

परिषदेसाठी व्याख्यान ठरलं तेव्हा आयएसएसचा त्याला पाठिंबा होता. तारीख जवळ आली तशी हवा फिरली. संशोधन अजून अपुरं आहे, बोलण्याची वेळ आलेली नाही, अशी दोन्ही कंपन्यांची भूमिका ठरली. लिनने दुसऱ्या विषयावर बोलावं असं सुचवलं गेलं. आणि मग ती पुस्तकांची कापाकापी.

२७ जुलैची सकाळ

व्याख्यानाच्या साधारण दोन तास आधी लिनने नोकरीचा राजीनामा दिला.

तो मंचावर आला आणि बदललेल्या विषयावर, इंटरनेटवरून होणाऱ्या फोनच्या सुरक्षेवर, बोलू लागला. सभागृहातून नाराजीचा गलका उठला. त्याने ते सोडलं आणि मूळ व्याख्यान सुरू केलं. डोक्यावर पांढरी टोपी, तिच्यावर 'गुड' असं लिहिलेलं. आपल्यावर खटला भरला जाईल हे त्याने तिथेच बोलून दाखवलं.

या प्रकरणावर मत बनवताना मी एक गोष्ट सर्वांत आधी पाहते. त्याने पद्धत समजावून सांगितली, ती चालते हे दाखवलं, पण ऐकणारा घरी जाऊन तसंच्या तसं करू शकेल असे नेमके तपशील वगळले. ज्या त्रुटीवर ती दाखवली तिची दुरुस्ती तीन महिने उपलब्ध होती. नोकरी सोडून, खटल्याची टांगती तलवार डोक्यावर असताना, रागाच्या भरात सगळं ओतून टाकायचा मोह एखाद्याला झाला असता. त्याने हात आवरला.

त्याच दिवशी सिस्को आणि आयएसएसने कॅलिफोर्नियातल्या संघराज्य न्यायालयात लिनवर आणि ब्लॅक हॅटवर दावा लावला. व्यापारी गुपितं, कॉपीराइट, कराराचा भंग अशी कारणं होती. लिनची बाजू जेनिफर ग्रॅनिक या वकिलांनी सांभाळली. दुसऱ्याच दिवशी, २८ जुलैला, तडजोड झाली. लिनने हे साहित्य सुपूर्द करायचं आणि त्यावर पुन्हा बोलायचं नाही. परिषदेने चित्रफीत प्रसारित करायची नाही. एफबीआयने चौकशी सुरू केल्याचंही बाहेर आलं, पण त्यातून त्याच्यावर गुन्हा दाखल झाला नाही.

तोवर स्लाइड्स इंटरनेटवर फिरू लागल्या होत्या. त्या ठेवणाऱ्यांना वकिलांची पत्रं गेली, एका ठिकाणाहून उतरल्या की दुसरीकडे चढल्या. कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं थोडंच राहतं! व्याख्यान गुपचूप होऊ दिलं असतं तर काही शेकडा तज्ज्ञांनी ऐकलं असतं. पानं कापल्यामुळे ते जगभरच्या बातम्यांत गेलं.

सिस्कोची बाजू

सिस्कोला सरसकट खलनायक ठरवणं मला जमत नाही. परिषदेतलं व्याख्यान खरोखर घातक ठरू शकतं, आणि त्याचं उदाहरण याच ब्लॅक हॅटमधलं आहे.

२००२ च्या उन्हाळ्यात डेव्हिड लिचफील्ड या संशोधकाने मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हर या माहितीसाठा सांभाळणाऱ्या प्रणालीतली त्रुटी इथेच मांडली. दुरुस्ती आलेली होती, तोही रीतसर वागला होता. पण त्याने हल्ल्याचा नमुना कोडही दाखवला. सहा महिन्यांनी, २५ जानेवारी २००३ ला, तो कोड साचा म्हणून वापरून लिहिलेला 'स्लॅमर' किडा सुटला. अवघ्या ३७६ बाइट्सचा. सुरुवातीला त्याची संख्या दर साडेआठ सेकंदांनी दुप्पट होत होती. दहा मिनिटांत त्याच्या तावडीत सापडू शकणारी बहुतेक यंत्रं सापडली होती, एकूण सुमारे ७५ हजार. अमेरिकेत एटीएम बंद पडली, दक्षिण कोरियाचं इंटरनेट कोलमडलं. असा नमुना कोड यापुढे द्यावा का, हा प्रश्न लिचफील्डने स्वतःच जाहीरपणे स्वतःला विचारला. त्याच्याबद्दलचा माझा आदर त्याने वाढला.

आयएसएसला तर याची झळ स्वतःच्या घरात बसली होती. मार्च २००४ मध्ये त्यांच्याच सुरक्षा उत्पादनातली त्रुटी जाहीर झाली आणि दुसऱ्याच दिवशी 'विटी' हा किडा सुटला. सुमारे १२ हजार यंत्रं बाधित झाली, आणि हा किडा त्यांच्या डिस्कवरची माहितीही खराब करत होता. जाहीर केल्यापासून हल्ल्यापर्यंत एक दिवस! ज्यांनी हे सोसलं ते 'अजून वेळ आलेली नाही' म्हणतात, तेव्हा त्यांची भीती खरी असते.

मग चुकलं कुठे? स्लॅमर सुटला तेव्हा दुरुस्ती सहा महिने जुनी होती. तरी हजारो यंत्रं उघडी होती, कारण ती सांभाळणाऱ्यांना आपल्याकडे काय चालू आहे आणि धोका केवढा आहे हे धड कळलं नव्हतं. त्यातून मिळालेला धडा, माझ्या मते, व्याख्यान थांबवण्याचा नव्हता. दुरुस्ती लोकांच्या यंत्रात पोहोचेल असं सांगण्याचा होता. एप्रिलपासून सिस्कोच्या हातात तीन महिने होते. 'या आवृत्तीवर या, आणि हे टाळू नका' असं ठसठशीत सांगायला ते पुरले असते. मग जुलैचं व्याख्यान हा एका बंद झालेल्या दाराचा अभ्यास ठरला असता. तेवढे श्रम पानं कापण्यावर गेले.

व्याख्यानानंतर सिस्कोने सांगितलं की यात नवी त्रुटी काही नाही, आधीच्या त्रुटींचा फायदा कसा घेता येईल एवढंच दाखवलं आहे. शब्दशः खरं. आणि इथेच माझी चूक झाली. २९ जुलैची सूचना मी ऑगस्टमध्ये वाचली: त्रुटी आयपीव्ही६ मध्ये, तेही फक्त जवळच्या, त्याच जोडणीवरच्या यंत्राकडून साधणारी. आमच्या एकाही राउटरवर आयपीव्ही६ चालू नव्हतं. वहीत लिहिलं, 'आपल्याला लागू नाही', आणि खाली रेघ मारली. त्रुटी लागू नव्हतीच. पण भोंग्याला गप्प करायची युक्ती आयपीव्ही६ वर अवलंबून नव्हती. आमच्या राउटरमध्ये दुसरी कुठलीही तशी त्रुटी निघाली असती तर 'पडतो, फुटत नाही' हा माझा आधार गेलेलाच होता. ते मला कळलं नाही, कारण मी फक्त सूचना वाचली होती. व्याख्यान समजून घेतलं नव्हतं. सूचना एका बगबद्दल सांगते, बगकडे पाहायची नजर व्याख्यानातून मिळते. परिषद भरवायची ती यासाठी.

व्याख्यान कुणाचं?

परिषदेच्या आयोजकांच्या अंगाने पाहिलं तर हे प्रकरण अजूनही जुनं झालेलं नाही. वक्ता येतो, त्याच्यामागे त्याची कंपनी असते, तिच्यामागे तिचे ग्राहक आणि भागीदार. दबाव कुठून येईल सांगता येत नाही.

वेगासनंतर लिनला ज्युनिपर या सिस्कोच्या प्रतिस्पर्धी कंपनीने कामावर घेतलं. चार वर्षांनी, २००९ मध्ये, ज्युनिपरमधलाच बार्नबी जॅक हा संशोधक एटीएममधून नोटा कशा ओकवता येतात हे दाखवणार होता. एटीएम बनवणाऱ्या कंपनीची हरकत आली आणि ज्युनिपरने ते व्याख्यान मागे घेतलं. जॅकने ते पुढच्या वर्षी, दुसऱ्या कंपनीत गेल्यावर, ब्लॅक हॅटच्या मंचावर दोन एटीएम उभी करून दिलं. मधल्या वर्षात दुरुस्तीला वेळ मिळाला होता. एक वर्ष थांबणं तिथे योग्यच ठरलं, असं मी म्हणेन. म्हणजे 'कधीच थांबवू नये' असाही नियम करता येत नाही.

बॉस्टनच्या परिवहन मंडळाने २००८ मध्ये एमआयटीच्या तीन विद्यार्थ्यांचं डेफ कॉन या हॅकरांच्या परिषदेतलं व्याख्यान न्यायालयातून रोखलं. गंमत नव्हे, दुःखाची गोष्ट अशी की मंडळाने दाव्यासोबत जोडलेल्या कागदांतूनच त्यांचा गोपनीय अहवाल सार्वजनिक झाला. दहा दिवसांत मनाई उठली, पण परिषद तोवर संपून गेली होती.

आपल्याकडे अशा परिषदा उशिरा आल्या. पुण्यात डिसेंबर २००७ मध्ये क्लबहॅक झालं, गोव्यात २०१० पासून नलकॉन भरू लागली. पहिल्या क्लबहॅकला जाताना माझ्या डोक्यात वेगासची पानं होती. इथे कुणी अशी हरकत घेतली तर काय होईल? आपल्या माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ४३ यंत्राच्या मालकाच्या परवानगीशिवाय केलेल्या गोष्टींबद्दल बोलतं. त्याच गोष्टी अप्रामाणिकपणे किंवा फसवणुकीच्या हेतूने केल्या तर कलम ६६ खाली तीन वर्षांपर्यंत कैद आणि पाच लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. स्वतः विकत घेतलेला राउटर टेबलावर ठेवून तपासला तर यंत्राचे मालक आपणच. कॉपीराइट कायद्याचं कलम ५२ सुद्धा प्रोग्राम कसा चालतो ते समजून घेण्यासाठी त्याचं निरीक्षण आणि चाचणी करायला वाव देतं. पण बँकेचं चालू संकेतस्थळ, सरकारी पोर्टल, दुसऱ्याचं यंत्र, यांना हात लावला की परवानगीचा प्रश्न येतोच, मग हेतू कितीही चांगला असो. तरुण पोरं मला विचारतात, 'ताई, सापडलंय, सांगू का?' मी त्यांना सांगते: आधी ज्याचं आहे त्याला आणि सर्ट-इनला, म्हणजे सरकारच्या सायबर सुरक्षा यंत्रणेला, लेखी कळव, तारीख जपून ठेव, तपासण्यापुरतं पाहिलंस तेवढंच पुरे, पुढे जाऊ नकोस. आणि व्याख्यान द्यायचं असेल तर नोकरीच्या ठिकाणची संमती कागदावर घे, तीही पुस्तक छापायला जायच्या आधी.

आयोजकांशी बोलताना माझा आग्रह एकाच गोष्टीचा असतो. व्याख्यान स्वीकारताना विचारा: याची दुरुस्ती आली आहे का, आली असेल तर ती ज्यांनी लावायची त्यांना कळली आहे का? नसेल कळली तर कंपनीला तारीख द्या. हरकत कोण, कधीपर्यंत आणि कशा स्वरूपात घेऊ शकतो, हेही तेव्हाच ठरवा. परिषदेच्या आदल्या दिवशी कात्री घेऊन बसलेल्या माणसांशी चर्चा करता येत नाही.

नोव्हेंबर

२००५ चं लक्ष्मीपूजन १ नोव्हेंबरला झालं. दुसऱ्या दिवशी, अमेरिकेतल्या २ नोव्हेंबरला, सिस्कोची नवी सुरक्षा सूचना आली. हिच्यात आयपीव्ही६ ची अट नव्हती. स्मृतीतला तुकडा असा सांडला तर प्रणालीच्या अंतर्गत टायमरांच्या आधारे कोड चालवता येऊ शकतो, म्हणून जास्तीच्या तपासण्या घातल्या आहेत, आणि हे आयओएस चालणाऱ्या सगळ्या यंत्रांना लागू आहे. जुलैत ज्याबद्दल बोलू नका म्हटलं होतं, त्याच वाटेवर आता सिस्कोनेच कुलूप घातलं होतं. सिस्कोच्या अभियंत्यांनी मधले महिने खरं काम केलं, हे मान्य करायला हवं. सूचना स्वच्छ होती. कोणती आवृत्ती, कुठे मिळेल, का लावायची, सगळं होतं.

मी वही काढली. ऑगस्टमधली ती ओळ, 'आपल्याला लागू नाही', खोडली नाही. तिच्या खाली नवी तारीख टाकली.

शाखेच्या व्यवस्थापकाकडे या वेळी पहिल्याच फोनला परवानगी मिळाली. 'का?' या प्रश्नाला माझ्याकडे दोन वाक्यांचं उत्तर होतं: आजवर आपण समजत होतो की राउटर फक्त बंद पडू शकतो. आता कळलंय की तो दुसऱ्याच्या हातात जाऊ शकतो.

कोल्हापूरची शाखा पहिली घेतली. भाऊबीज उरकून सगळे घरी झोपलेले, ऑफिसात मी आणि रात्रपाळीचे एक काका. नवी आवृत्ती ओढायची आज्ञा दिली आणि पडद्यावर उद्गारचिन्हांची रांग सरकू लागली, एकेक चिन्ह म्हणजे पोहोचलेला एकेक हप्ता. लाइन ६४ केबीपीएसची. काकांनी चहा आणला, तो गार झाला, रांग चालूच. पावणेदोनला पूर्ण झालं. फाइल जशीच्या तशी आली का हे सांगणारी तपासणीची बेरीज जुळली. राउटर पुन्हा सुरू करायची आज्ञा देण्याआधी मी एकदा हात मागे घेतला, पुन्हा सगळं वाचलं, मग एंटर दाबलं.

पुण्याच्या राउटरवरून पिंग, म्हणजे 'आहेस का?' अशी सतत विचारणा, लावून ठेवलं होतं. उत्तर आलं नाही की तो एक टिंब छापतो, आलं की उद्गारचिन्ह. पडद्यावर टिंब, टिंब, टिंब. एक ओळ भरली. दुसरी निम्मी भरली. काका माझ्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले. आणखी पाच टिंबं आली, आणि सहाव्या जागी उद्गारचिन्ह.